शेवटच्या डब्यापासून सुरू झालेली सुधारणा

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला सहा डिसेंबर म्हटले की आधी आठवतो तो अकोल्याचा फलाट. आमचे बालपण मीटर गेजच्या काळातले. वाशिमहून छोट्या गाडीने अकोल्याला यायचे आणि तिथे मुंबईकडे जाणारी मोठी गाडी पकडायची. आईच्या पदरात बांधलेल्या भाकरी, वडिलांच्या हातात निळा झेंडा आणि जनरलचा खच्चून भरलेला डबा. त्या डब्यात बसायला लाकडी पट्ट्या होत्या. रात्रभर त्या पट्ट्यांवर बसून दादरला उतरले की पाठ सरळ व्हायला वेळ लागायचा. शेजारच्या स्लीपर डब्यात डोकावले की तिथे मात्र निळी, मऊ गादी दिसायची. ती गादी तिथे आपोआप आली असेल असेच आम्हाला वाटायचे. सरकारी व्यवस्थेत गरिबाच्या वाट्याला आपोआप काहीही येत नसते, हे कायद्याचा अभ्यास करताना आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना कळले.

ती गादी टाकणारा माणूस म्हणजे प्राध्यापक मधु दंडवते. मार्च १९७७ ते जुलै १९७९ अशी जेमतेम सव्वादोन वर्षे ते देशाचे रेल्वेमंत्री होते. ते आपल्या पक्षाचे नव्हते. आंबेडकरी चळवळीचे म्हणूनही त्यांची ओळख नव्हती. मग आंबेडकरी वाचकाने त्यांचे चरित्र का वाचावे? कारण एवढी अवाढव्य सरकारी व्यवस्था सुधारायची झाली तर सुरुवात कुठून करायची, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कामातून दिले. आणि ते उत्तर जिथे अपुरे राहिले, तिथूनच आपला प्रश्न सुरू होतो.

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी पदार्थविज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि पुढे समाजवादी पक्षात काम करू लागले. शिकलेल्या माणसाला त्या काळात नोकऱ्यांची वाण नव्हती, पण दंडवते यांनी शिकवण्यासाठी जी जागा धरली ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. गिरणी कामगारांची, गोदी कामगारांची, खेड्यापाड्यांतून आलेल्या अस्पृश्यांची मुले तिथे शिकली. त्या सिद्धार्थ महाविद्यालयात दंडवते यांनी अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि त्या विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. दिल्लीत मंत्री झाल्यावरही लोक त्यांना प्राध्यापक म्हणूनच ओळखत राहिले. ती ओळख बाबासाहेबांच्या महाविद्यालयाने दिलेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शिकवता शिकवता त्यांचे राजकारण चालूच होते. १९५५ सालच्या गोवा मुक्ती सत्याग्रहात ते उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, जिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि नंतर रिपब्लिकन पक्षही समाजवादी व कम्युनिस्टांसोबत समितीत होता, तिथेही ते होते. प्रजा समाजवादी पक्षाचे ते महाराष्ट्रातले प्रमुख कार्यकर्ते. १९७०-७१ मध्ये ते विधान परिषदेत होते. १९७१ च्या जानेवारीत कोकणचे लोकप्रिय खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत राजापूर मतदारसंघातून दंडवते लोकसभेवर गेले. त्या निवडणुकीपासून सलग पाच वेळा तिथल्या मतदारांनी त्यांना निवडून दिले. ज्या कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती, त्या कोकणचा खासदार देशाचा रेल्वेमंत्री होणार होता.

दंडवते मंत्री झाले तेव्हा त्यांच्या हाती कशी रेल्वे आली, हे आधी समजून घेतले पाहिजे.

इंग्रजांनी या देशात रेल्वे आणली ती इथला माल बंदरापर्यंत न्यायला आणि फौजा हलवायला. माणसे त्यात नंतर आली, आणि आली तीही वर्गवारीने. पहिला वर्ग साहेबाचा, तिसरा वर्ग रयतेचा. रेल्वेने जातीची भिंत पाडली असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. एका डब्यात सगळे बसू लागले, ही गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी गोष्ट मसूर स्टेशनवर घडली. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. मसूरला उतरल्यावर स्टेशन मास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली आणि मुले महार असल्याचे कळताच तो मागे सरला. गाडीत तिकीट चालले, फलाटावर जात चालली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

रेल्वेच्या नोकरीतही तेच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावून सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून जन्मभर रुळावर राबतो, पण त्याला हमाल किंवा पोर्टरची साधी जागाही मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरचे काम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, ही व्यवस्था त्यांनी उघडी पाडली. वर्ग मोडला की जात आपोआप मोडते असे मानणाऱ्या कामगार पुढाऱ्यांना मनमाडने दिलेले ते उत्तर होते. दंडवते यांच्या कामाचे मोल करतानाही आम्ही हाच काटा वापरणार आहोत.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे सरकारची झाली, १९५१-५२ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून विभागांची फेररचना झाली. पण तिसरा वर्ग राहिलाच. १९७४ साली तिसऱ्या वर्गाची पाटी उतरवली गेली आणि त्या डब्यांवर दुसरा वर्ग असे लिहिले गेले. पाटी बदलली, फळी तीच राहिली! आपल्याला हा अनुभव नवा नाही. अस्पृश्याला गोड नाव दिले म्हणजे विहीर खुली होत नाही, हे आपल्या बापजाद्यांनी सोसून पाहिले आहे.

त्याच १९७४ सालच्या ८ मे रोजी रेल्वे कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. जॉर्ज फर्नांडिस हे ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. सुमारे १७ लाख कामगारांचा हा संप वीस दिवस चालला. बोनस मिळावा, इंजिनावरच्या कामगारांचे कामाचे तास ठरावेत, सार्वजनिक उद्योगांइतके वेतन मिळावे या त्यांच्या मागण्या. सरकारने संप चिरडला. हजारो कामगार तुरुंगात गेले, रेल्वेच्या वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढली गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. रेल्वेच्या शिस्त व अपील नियमांत चौकशी न करता नोकरीवरून काढण्याची एक पळवाट आहे. संविधानाचे कलम ३११ सरकारी नोकराला आपली बाजू मांडण्याची हमी देते, पण त्याच कलमाच्या परंतुकात चौकशी करणे शक्य नसेल तर ती टाळण्याची मुभा आहे. अपवाद म्हणून ठेवलेली ही मुभा संपाच्या काळात सर्रास वापरली गेली. ज्याची नोकरी हीच त्याची जमीन आणि हेच त्याचे घर, त्या माणसावर चौकशीशिवाय बडतर्फीचा कागद येणे म्हणजे काय, हे भूमिहीन समाजाला वेगळे सांगायला नको.

वर्षभरात आणीबाणी आली. २६ जून १९७५ रोजी दंडवते बंगळूरला होते, तिथेच त्यांना अटक झाली आणि बंगळूरच्या तुरुंगात ठेवले गेले. अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी हेही त्याच तुरुंगात होते. दंडवते यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, आणि कुणावरही खटला नाही. १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्ष सत्तेवर आला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि तुरुंगातून सुटून आलेले हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रेल भवनात जाऊन बसले.

आता मुद्द्याचे. मंत्री झाल्यावर त्यांनी आधी काय केले?

त्यांनी आधी माणसे परत बोलावली. १९७४ च्या संपात ज्यांना काढले होते त्या कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचे आदेश निघाले. व्यवस्थापनाच्या पुस्तकात सुधारणा म्हटली की नवी यंत्रे, नवे तक्ते, नवे कंत्राट असे शिकवतात. दंडवते यांनी सुधारणेची सुरुवात अन्याय दुरुस्त करण्यापासून केली. रेल्वे ही रूळ आणि इंजिनांची असते तशीच ती रात्री कंदील घेऊन रूळ तपासणाऱ्या माणसाचीही असते. तो माणूस सरकारला शत्रू मानत असेल तर कुठलीही योजना फलाटाबाहेर पडत नाही. काढलेल्या कामगाराच्या घरात पुन्हा पगार गेला आणि मग त्यांनी पुढच्या कामाला हात घातला.

दुसरे काम रुळांचे. झिजलेले रूळ बदलण्याचा, दुरुस्त करण्याचा सुमारे ५ हजार किलोमीटरचा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला. रूळ बदलण्याचे उद्घाटन होत नाही, त्याला हार घालता येत नाही, त्याचा फोटो छापून येत नाही. मंत्र्याला नवी गाडी सोडायला आवडते, तीही आपल्या मतदारसंघातून. जुना रूळ बदलायला मंत्र्याजवळ वेगळ्या जातीची नियत लागते.

तिसरे काम तिकीट खिडकीचे. तेव्हा आरक्षण हाताने वहीत लिहिले जाई. वही बाबूच्या हातात, बाबू दलालाच्या हातात. जागा आहे की नाही हे खिडकीबाहेरच्या माणसाला कधीच कळत नसे. ओळख असेल, चिरीमिरी देता येत असेल, त्याला जागा मिळे. आरक्षणाचे काम संगणकावर नेण्याची तयारी दंडवते यांच्या काळात सुरू झाली. प्रत्यक्ष यंत्रणा १९८५ नंतर दिल्लीपासून उभी राहत गेली. संगणक आल्याने सगळा भ्रष्टाचार संपला असे आम्ही म्हणणार नाही. पण बाबूच्या मर्जीची जागा नंबराने घेतली, हे लहान काम नव्हे. मर्जीच्या राज्यात आपला माणूस नेहमी रांगेच्या शेवटी असतो. नियमाच्या राज्यात निदान त्याचा नंबर त्याचाच असतो.

आणि चौथे काम ते गादीचे. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपर डब्यातल्या लाकडी बाकावर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा, एवढाच तो निर्णय. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. त्या गाडीत पहिला वर्ग नव्हताच. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे आणि सगळ्यांच्या पाठीखाली गादी. ही गाडी आपल्या अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून, नागपूरवरून जाते. वऱ्हाडातल्या माणसाने एकवर्गी लांब पल्ल्याची गाडी आपल्या डोळ्यांनी पाहिली. पुढच्या दहाएक वर्षांत देशभरातल्या स्लीपर डब्यांत गाद्या आल्या. कोट्यवधी माणसांची रात्र त्या दोन इंचांनी बदलली.

या निर्णयामागचा विचार नीट समजून घ्या. समता म्हणजे वरच्याला खाली ओढणे, असा कांगावा नेहमी केला जातो. राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेच्या नावाने हाच गळा काढला जातो. दंडवते यांनी पहिल्या वर्गाची गादी उसवली नाही. त्यांनी खालच्याच्या बाकावर गादी टाकली. खालच्याला वर आणायचे, हेच त्यांच्या रेल्वेचे सूत्र होते. सरकारजवळ पैसा नेहमीच कमी असतो. प्रश्न एवढाच असतो की पहिला रुपया कुणासाठी काढायचा. रेल्वे बोर्ड तेच, अधिकारी तेच, कारखाने तेच. ना खाजगी कंपनी आणली, ना परदेशी सल्लागार. फक्त क्रम बदलला. आधी कामगार, मग रूळ, मग शेवटच्या डब्यातला प्रवासी. सरकारी यंत्रणा गरिबाच्या बाजूने वाकू शकते, हे त्यांनी अशा रीतीने सव्वादोन वर्षांत सिद्ध केले. सरकारी म्हणजे कुचकामी आणि खाजगी म्हणजे कार्यक्षम अशी पोपटपंची करणाऱ्यांना या एका कारकिर्दीचे उत्तर पुरेसे आहे.

परंतु चळवळीचा माणूस म्हणून आम्हाला इथेच थांबता येत नाही. बाबासाहेबांनी आम्हाला आरती ओवाळायला शिकवलेले नाही.

गादी स्लीपरच्या डब्यापर्यंत आली, जनरलच्या डब्यात आमच्या लहानपणी लाकडी पट्ट्याच होत्या. सुधारणा शेवटच्या डब्याच्या दिशेने निघाली, पण एक डबा अलीकडे थांबली. बोनसची मागणीही त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात मार्गी लागली नाही. उत्पादकतेशी जोडलेला बोनस १९७९-८० या वर्षापासून लागू झाला, तोपर्यंत मोरारजींचे सरकार पडले होते.

त्याहून मोठी उणीव डब्याच्या खाली होती. गादीवर झोपलेल्या प्रवाशाची घाण सरळ रुळावर पडत होती आणि ती हाताने साफ करणारा माणूस कोणत्या जातीचा होता, हे सांगायची गरज नाही. वर्गाच्या चष्म्याने पाहणाऱ्या समाजवाद्याला बाकावरचा गरीब दिसला, पण रुळावरचा झाडूवाला तेवढ्या ठळकपणे दिसला नाही. मनमाडला बाबासाहेबांनी दाखवलेला दुसरा शत्रू तो हाच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ च्या दुसऱ्या कायद्याने रेल्वे रुळावरची घाणही व्याख्येत घेतली, पण संरक्षक साधने वापरून काम करणाऱ्याला त्या व्याख्येतून बाहेर काढण्याची वाटही तिथेच ठेवली. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी रेल्वेला कालबद्ध योजना आखायला सांगितले. डब्यांना जैविक शौचालये बसवण्याचे काम पूर्णत्वाला यायला २०२० च्या आसपासचा काळ उजाडला. गादी १९७७ साली आली आणि रुळावरची घाण थांबायला चार दशकांहून जास्त काळ लागला. या देशात वर्ग आणि जात यांच्यातले अंतर मोजायचे असेल तर ते असे मोजावे.

आपल्या वाशिम जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. कारंजावरून जाणारी शकुंतला रेल्वे तुम्हा आम्हाला ठाऊक आहे. वऱ्हाडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना पुरवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही नॅरो गेज लाइन टाकली गेली. मूर्तिजापूर हे तिचे मधले ठिकाण, एक फाटा अचलपूरकडे आणि दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळकडे. मालकी किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. सगळ्या देशाची रेल्वे सरकारी झाली तरी या लाइनची मालकी खाजगीच राहिली. गाडी चालवायची सरकारने आणि मोबदला द्यायचा कंपनीला! १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. शेतमजूर, भाजी विकणाऱ्या बाया, तालुक्याला शिकायला जाणारी पोरे यांची ती स्वस्तातली गाडी होती. पुढे गेज बदलण्याच्या घोषणा झाल्या, गाड्या मात्र बंद पडल्या आणि रुळांवर गवत वाढले. राष्ट्रीय सुधारणेचे वारे कारंजाच्या फलाटापर्यंत कधीच नीट पोहोचले नाहीत. दंडवते यांच्या काळातही नाही, त्यांच्या आधी नाही आणि नंतरही नाही. मागास भागाची रेल्वेही मागासच ठेवली जाते, हे आम्ही घरच्या उदाहरणावरून सांगतो. अकोला ते पूर्णा ही आपली वाशिमची लाइन ब्रॉडगेज व्हायलाही २००८ साल उजाडले.

जुलै १९७९ मध्ये मंत्रिपद गेले तरी दंडवते लोकसभेत राहिले आणि विरोधी बाकावरून अभ्यासपूर्ण बोलणारे संसदपटू म्हणून त्यांचा दबदबा होता. प्रमिलाताईही १९८० साली मुंबईतून लोकसभेत गेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले, त्यात दंडवते अर्थमंत्री झाले. हे वर्ष आपल्या समाजाने विसरू नये. १९९० साली याच सरकारने बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लावले. याच सरकारने ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली. आणि याच वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. १९५६ ला आपण बुद्धाच्या वाटेने गेलो आणि केंद्र सरकारच्या नोकरीतल्या राखीव जागेला मुकलो होतो. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण रेल्वे, टपाल, बँक इथे बौद्ध म्हणून अर्ज करणाऱ्याची वाट चौतीस वर्षे बंद होती. ती वाट १९९० ला उघडली. याचे श्रेय आधी समाजाच्या रेट्याला, मग पंतप्रधानांना. पण त्या मंत्रिमंडळात सिद्धार्थ महाविद्यालयाचा एक माजी प्राध्यापक तिजोरी सांभाळत होता, याचीही नोंद राहिली पाहिजे. शेतकरी आणि कारागिरांचे दहा हजार रुपयांपर्यंतचे कर्ज माफ करण्याची योजनाही याच काळातली. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते. १९७४ चा संपाचा नेता रेल्वेमंत्री आणि संपकऱ्यांना परत घेणारा माणूस अर्थमंत्री, अशा योगात १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये कोकणातून सलग गाडी धावू लागली.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. कोकणात रेल्वे यावी म्हणून झटणारा खासदार ती येण्याआधी हरला. पुढे १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर त्यांचे देहदान करण्यात आले. कर्मकांडाचे स्तोम नाही, अस्थिकलशाची मिरवणूक नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने विज्ञानालाच शरीर देऊन टाकले.

आज या चरित्राकडे आम्ही का वळलो? कारण रेल्वेची सुधारणा हा शब्द पुन्हा जोरात आहे. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प बंद झाला, म्हणजे संसदेत रेल्वेवर वेगळा हिशेब मागण्याची जी हक्काची जागा होती ती गेली. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत थांबवली गेली. चकाचक वातानुकूलित गाड्या धावू लागल्या, फलाट आरशासारखे झाले, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपर आणि जनरलचे डबे कमी झाल्याची तक्रार प्रवासी करत राहिले. ओरड वाढल्यावर २०२४ मध्ये बिगर-वातानुकूलित डबे मोठ्या संख्येने बांधण्याच्या घोषणा झाल्या. स्वच्छता, खानपान, देखभाल अशी कामे कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटात राखीव जागा नाहीत, कलम ३११ नाही, चौकशी नाही, बडतर्फीचा कागदसुद्धा नाही. उद्या येऊ नको एवढे सांगितले की संपले. संप करण्याइतकी नोकरीच उरली नाही, तर त्याला परत कामावर कोण आणि कशाच्या आधारे घेणार?

आमचा नव्या गाड्यांना विरोध नाही. वेगाला विरोध नाही. विरोध क्रमाला आहे. वरच्या डब्यापासून सुरू केलेली सुधारणा खाली झिरपेल ही आशा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. गावात पाणी आधी वाड्यावर जाते आणि उरले तर बौद्धवाड्यात येते, त्याच तऱ्हेची ही गोष्ट आहे. दंडवते यांनी सव्वादोन वर्षांपुरता का होईना, तो नळ उलटा फिरवून दाखवला. तो फिरवता येतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही आणि पैशाचीही सबब नाही, एवढे त्यांच्या आयुष्यातून आपण घ्यायचे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. रेल्वेच्या प्रश्नावर निवेदन घेऊन जाल तेव्हा केवळ थांबा मागू नका. आपल्या लाइनवरच्या गाड्यांना जनरलचे डबे किती लागतात आणि किती लागायला हवेत, ते माहितीच्या अधिकारात विचारा. स्टेशनवर झाडू मारणारा कुणाच्या कंत्राटावर आहे, त्याला किमान वेतन मिळते का, त्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे विचारा. राखीव जागांचा अनुशेष विचारा. कारंजाच्या रुळांवरचे गवत कधी निघणार, ते विचारा. आणि यंदा सहा डिसेंबरला अकोल्याच्या फलाटावर उभे राहाल तेव्हा गाडी आल्यावर आधी शेवटचा डबा पाहा. त्या डब्यात म्हातारी आई पाठ टेकून बसू शकते की दारात लटकून जाते, यावरून रेल्वे सुधारली की नाही ते ठरवा.

जयभीम.